नकाशावर साल का लिहावे?

इमादशाहीचा एक नकाशा माझ्या मोबाइलवर अधूनमधून येतो. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम आणि यवतमाळ या आजच्या पाच जिल्ह्यांना हिरवा रंग आणि वर शीर्षक 'इमादशाही'. आपला इतिहास कुणीतरी मांडतो आहे, याचे बरे वाटते. पण हा नकाशा चुकीचा आहे.

फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क १४९० मध्ये स्वतंत्र झाला. त्याची राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर. त्या काळी पाथरीही त्याच्याकडे होती. ती आज परभणी जिल्ह्यात आहे. पुढे पाथरी अहमदनगरच्या निजामशाहीने घेतली आणि १५७४ मध्ये सगळी इमादशाहीच तिच्यात गेली. मग हिरवा रंग नेमका कोणत्या सालचा?

जुनी राज्ये सोडा, जिल्ह्यांचेही तसेच. इंग्रजांच्या काळात एलिचपूर आणि बाशिम हे वेगळे जिल्हे होते. १९०५ मध्ये एलिचपूर अमरावतीत आणि बाशिमचा मोठा भाग अकोल्यात गेला. १९९८ मध्ये वाशिम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. म्हणजे 'अकोला जिल्हा' असे लिहिलेले १९००, १९८० आणि २००० चे तीन नकाशे शेजारी ठेवले, तर तिन्हींचा आकार वेगळा दिसेल. तिन्ही बरोबर, पण आपापल्या सालापुरते.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. आजोबांच्या एखाद्या कागदावर 'जिल्हा एलिचपूर' असे असेल आणि समोरचा म्हणाला, 'असा जिल्हाच नाही', तर साल लिहिलेला नकाशाच आपली बाजू सांगतो.

म्हणून नकाशा काढताना काही गोष्टी पाळाव्यात. शीर्षकात ठिकाण, विषय आणि साल तिन्ही असावेत. एका नकाशाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. किल्ले, मशिदी, रस्ते आणि लोकसंख्या एकत्र कोंबू नये. उत्तर दिशा दाखवावी. प्रमाण आकड्यांत न लिहिता मोजपट्टीने दाखवावे, कारण मोबाइलवर चित्र लहान झाले की पट्टीही त्याच प्रमाणात लहान होते. प्रत्येक रंगाचा आणि खुणेचा अर्थ कोपऱ्यात सूचीत द्यावा. आजच्या जिल्ह्यांच्या रेषा ओळखीसाठी ठेवायच्या असतील, तर त्या फिकट राखाडी असाव्यात. जुनी सीमा ठळक असावी.

आणि जिथे सीमा नक्की माहीत नाही, तिथे तुटक रेषा काढावी. गाविलगड, नरनाळा, एलिचपूर ही ठिकाणे पक्की आहेत, ती ठिपक्यांनी दाखवावीत. त्यांच्यामधली सगळी जमीन रंगवून टाकण्याची घाई करू नये.

मोठा हिरवा पट्टा पाहून अभिमान वाटेल, पण पाथरीचा एक प्रश्न विचारला की तो नकाशा गप्प होतो. आपला इतिहास इतरांनी नीट वाचावा असे वाटत असेल, तर आधी आपण तो नीट काढला पाहिजे.