गादी कडक हवी की मऊ? पाठदुखी, अंथरूण आणि डॉक्टरांच्या बदलत गेलेल्या सल्ल्याचा इतिहास

"डॉक्टर, पाठ दुखते. नवीन गादी घ्यायचीच आहे, तर कोणती घेऊ?"

मीरा रोड असो वा भाईंदर, हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. गादीच्या दुकानात गेलात की ऑर्थोपेडिक, मेमरी फोम, लेटेक्स, पॉकेट स्प्रिंग, ड्युअल साइड असे शब्द कानावर पडतात. किंमत काही हजारांपासून लाखाच्या घरात जाते, आणि सोबत 'ईएमआय करून देतो' हेही असते. घरी आजोबा म्हणतात, "गादी कशाला? फळीवर झोप, पाठ सरळ होईल." शेजारी सांगतात, "जेवढी कडक तेवढी चांगली."

यातले किती खरे? गादीबद्दलचा वैद्यकीय सल्ला गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा पुरावा मिळण्याआधीच दिला गेला आणि पुरावा आल्यावर बदलावा लागला. हा इतिहास माहीत असेल तर दुकानात पैसे कशासाठी मोजायचे आणि कशासाठी नाही, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

पिंजारी दारात येत असे तेव्हा

आपल्याकडे बहुतेक घरांत झोपणे म्हणजे चटई, सतरंजी, घोंगडी किंवा जुन्या लुगड्यांची गोधडी. ज्यांना परवडे त्यांच्याकडे कापसाची गादी. ही गादी विकत आणायची वस्तू कमी आणि 'भरून घ्यायची' वस्तू जास्त होती. खांद्यावर तातीची पिंजण घेऊन पिंजारी गल्लीत यायचा. तिच्या टणत्काराने तो आल्याचे कळायचे. जुनी गादी उसवायची, गोळे झालेला कापूस पिंजून मोकळा करायचा, नव्या खोळीत भरायचा आणि वर जाड दोऱ्याचे टाके घालायचे. उशीसाठी सावरीचा मऊ कापूस वेगळा.

आरोग्याच्या दृष्टीने या पद्धतीत दोन चांगल्या गोष्टी होत्या. गादी अधूनमधून उघडून साफ व्हायची आणि पावसाळा संपला की उन्हात पडायची. एक दोषही होता. कापूस शरीराच्या भाराने दबतो आणि कंबरेखाली खळगा पडतो. वेळेवर पिंजून घेतली नाही तर गादी झोळीसारखी होते. 'मऊ गादीने पाठ दुखते' या समजुतीत अशा दबलेल्या गाद्यांचा वाटा असावा. पण खळगा पडलेली गादी आणि मऊ गादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

प्लेग आणि अंथरुणांची होळी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर घरे चुन्याने रंगवणे, जंतुनाशक फवारणे, रुग्णांचे कपडे आणि अंथरुणे जाळणे असे उपाय झाले. गरीब कुटुंबासाठी जळणारी गोधडी हे मोठे नुकसान होते. लोकांत भीती आणि संताप दोन्ही पसरले.

रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीतील प्रयोगात दाखवले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. अंथरुणात पिसवा लपू शकतात, म्हणजे तो उपाय अगदीच निरर्थक नव्हता. पण मूळ कारण घरातल्या उंदरांत होते आणि सगळा रोख अंथरुणावर राहिला. आजही असे होते. दुखण्याचे कारण दुसरीकडे असते आणि आपण गादी बदलतो.

काथ्या, डनलॉप आणि फोम

गेल्या शतकात गादीच्या आतला माल बदलला. १९२९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीच्या लोकांनी रबराच्या चिकापासून फेस तयार केला. आपल्याकडे 'डनलॉपची गादी' हा शब्द श्रीमंतीची खूण म्हणून रूढ झाला. १९६० च्या दशकात दक्षिणेत नारळाच्या काथ्याला रबर लावून कडक, हलक्या गाद्या बनू लागल्या. काथ्याची गादी दबत नाही आणि हवा खेळती ठेवते, म्हणून ती आपल्या हवेत चालली.

पॉलियुरेथेनचा शोध १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी लावला होता. त्याचा फोम पुढे स्वस्त झाला आणि घरोघरी पोहोचला. मेमरी फोम १९६६ मध्ये नासासाठी चार्ल्स योस्ट यांनी तयार केला. तो विमानातल्या आसनांसाठी होता, पाठदुखीसाठी नव्हे. 'नासाचे तंत्रज्ञान' हे वाक्य खरे आहे, पण त्यावरून तुमच्या मणक्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

याच काळात मीरा-भाईंदर बदलत होते. मिठागरे, शेती आणि मासेमारीची ही गावे. १९८५ मध्ये नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. मुंबईच्या चाळीतून वन-रूम-किचन किंवा वन-बीएचकेमध्ये आलेल्या कुटुंबांनी गुंडाळायच्या गाद्या सोडून दिवाण, सोफा-कम-बेड आणि बॉक्सचा पलंग घेतला. पिंजारी दिसेनासा झाला आणि गादी तयार मिळू लागली. त्याबरोबर 'ऑर्थोपेडिक' हा शब्द आला. तो ऐकायला डॉक्टरी वाटतो, पण गादीवर तो छापण्यासाठी कोणत्याही डॉक्टरची परीक्षा पास व्हावी लागत नाही.

"फळीवर झोपा" हा सल्ला आला कुठून?

लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांचे विश्रांती आणि वेदना या विषयावरचे ग्रंथरूप व्याख्यान १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. मोडलेल्या हाडाला जशी विश्रांती हवी तशीच दुखणाऱ्या अवयवालाही, हा विचार त्या काळी घट्ट रुजला. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्सटर आणि बार यांनी मणक्यातली सरकलेली चकती आणि पायात जाणारी कळ यांचा संबंध दाखवला. त्यानंतर 'चकती सरकली आहे, हलू नका, कडक बिछान्यावर पडून राहा' हा सल्ला जगभर दिला जाऊ लागला. गादीखाली प्लायवूड टाकायचे आणि दोन-तीन आठवडे पडून राहायचे. आपल्याकडच्या मोठ्या पिढीने हेच ऐकले आहे.

सल्ला तर्काला पटणारा होता, पण तो कोणी नीट तपासला नव्हता. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ पाठदुखीच्या रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितले. सात दिवसवाल्यांना जास्त फायदा झाला नाही. दोन दिवसवाले मात्र कामावर लवकर परतले. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीत झालेल्या अभ्यासात तर जे रुग्ण झेपेल तेवढे रोजचे व्यवहार करत राहिले तेच सर्वांत लवकर सुधारले.

कारण समजायला सोपे आहे. पडून राहिले की पाठीचे आणि पायांचे स्नायू झपाट्याने अशक्त होतात, सांधे आखडतात आणि हालचालीची भीती वाढते. ज्याला रोज सकाळी गर्दीची लोकल पकडून नोकरीला जायचे आहे, त्याचे तीन आठवड्यांचे 'फळीवरचे' अंथरूण पगार आणि पाठ दोन्ही बिघडवते.

कडक गादीची परीक्षा

उरला गादीचा प्रश्न. स्पेनमध्ये डॉ. फ्रान्सिस्को कोवाक्स यांच्या गटाने तो तपासला आणि २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. जुनाट पाठदुखीच्या ३१३ रुग्णांना दोन प्रकारच्या गाद्या दिल्या, काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक. कोणाला कोणती मिळाली हे रुग्णांना सांगितले नव्हते. नव्वद दिवसांनी पाहिले तेव्हा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची अंथरुणातली आणि सकाळी उठतानाची वेदना जास्त कमी झाली होती. रोजच्या कामातली अडचणही कमी झाली होती.

पाठीला नैसर्गिक बाक असतो. कुशीवर झोपलात की खांदा आणि कंबर बाहेर येतात. फळीसारखी गादी त्यांना आत जाऊ देत नाही, तर खळगा पडलेली गादी कंबरेला खोल बुडवते. दोन्हीत मणका वाकडा राहतो. म्हणून उत्तर मधले आहे. तेही माणसागणिक बदलते. ५० किलोच्या माणसाला जी गादी मध्यम वाटते तीच ९० किलोच्या माणसाला मऊ वाटते.

खाडीकाठची हवा आणि धुळीतले किडे

१९६४ च्या सुमारास नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवले की घरातल्या धुळीची ॲलर्जी मुख्यतः डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांमुळे, म्हणजे माइट्समुळे होते. ते आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि हवेतला ओलावा शोषून घेतात. एका बाजूला वसईची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या आपल्या शहरात त्यांची चंगळच असते.

पावसाळ्यात सकाळी उठल्याबरोबर शिंका, नाक गळणे, खाज असे होत असेल तर अंथरुणाचा विचार जरूर करा. पण गादीवर महागडे 'अँटी-माइट' आवरण घातले की दमा जाईल, असे मानू नका. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या ११२२ प्रौढ दमेकरी रुग्णांच्या अभ्यासात नुसत्या अशा आवरणाचा फायदा दिसला नाही. चादरी आणि अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात (साधारण ६० अंश) धुवा, गादी भिंतीला चिकटवू नका, ऊन मिळेल तेव्हा दाखवा, आणि इनहेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

जिथे गादी खरोखर औषध ठरते

दोन ठिकाणी गादीचा प्रकार जिवाशी जोडलेला आहे.

पहिले, अंथरुणाला खिळलेला रुग्ण. नील अरनॉट या स्कॉटिश डॉक्टरांनी १८३२ मध्ये पाण्याची गादी तयार केली ती शय्याव्रण टाळण्यासाठी. आजची हवा भरणारी-सोडणारी गादी त्याच विचारातून आली. पक्षाघात किंवा खुब्याचे हाड मोडलेल्या आजीसाठी पैसे खर्च करायचे तर इथे करा. त्यानंतरही साधारण दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते.

दुसरे, तान्हे बाळ. इथे मात्र कडक आणि सपाट गादीच हवी. एक वर्षापर्यंत बाळाला उताणे झोपवा. मऊ गादी, जाड दुलई, उशी, लोड जवळ नकोत. डोके गोल व्हावे म्हणून आपण जी राईची उशी देतो तीही झोपेत नको. ब्रिटनमध्ये १९९१ आणि अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले.

दुकानात जाल तेव्हा

- आधी जुनी गादी तपासा. खळगा पडला असेल, कडा ढासळल्या असतील तर बदला. नुसती जुनी झाली म्हणून घाई नको.
- तुम्ही ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर दुकानात दहा-पंधरा मिनिटे पडून पाहा. जोडीदारालाही सोबत न्या.
- मध्यम कडक निवडा. 'ऑर्थोपेडिक' शब्दासाठी वेगळे पैसे मोजू नका.
- मेमरी फोम उष्णतेने मऊ होतो आणि अनेकांना त्यात गरम होते. एसी नसेल तर हा विचार करा.
- गुडघेदुखी असेल तर पलंगाची एकूण उंची पाहा. बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे कंबरेपेक्षा वर नकोत.
- काही रात्री वापरून परत करता येते का, हे लेखी विचारा.

गादी बदलण्याआधी डॉक्टरांना कधी भेटाल?

हा भाग नीट वाचा.

वय चाळिशीच्या आत, सकाळी पाठ अर्धा तासाहून जास्त आखडलेली, हालचाल केली की बरे वाटते आणि विश्रांतीने वाढते, असे तीन महिन्यांहून अधिक चालले असेल तर हा संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. असे अनेक तरुण आधी दोन-दोन गाद्या बदलतात आणि निदानाला वर्षे जातात.

पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणे, भूक मंदावणे असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी हवी. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ नाही आणि वेळेत औषधे सुरू केली तर बरा होतो. पूर्वी कर्करोग झाला असेल, किंवा वयस्कर व्यक्ती पडल्यानंतर पाठ दुखू लागली असेल, तरी थांबू नका.

पायातली ताकद कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

यातले काही नसेल तर चालत राहा, रोजची कामे झेपेल तशी करा आणि गादी आरामात, हप्त्यांचा हिशेब करून घ्या. ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या दुखण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.