म्युस्कादे आणि १७०९ चा हिवाळा

फ्रान्समध्ये नाँत शहराच्या आसपास होणारी म्युस्कादे ही तशी साधी, रोजच्या जेवणातली पांढरी वाईन. ताटलीत कच्ची कालवं, वर लिंबू, सोबत हिचा थंडगार ग्लास. पण मंडळी, तिकडे पांढऱ्या द्राक्षांचं पीक वाढलं ते काही चवीसाठी नव्हे!

सतराव्या शतकात डच व्यापारी तिथे यायचे ते ब्रँडीसाठी. (ब्रँडी हा शब्दही मूळचा डच, अर्थ 'जाळलेली वाईन'.) भट्टीतच घालायची तर भारी वाईन कशाला हवी? पांढरी, भरपूर आणि स्वस्त असली की झालं.

मग १७०९ चा हिवाळा आला. नद्या गोठल्या, शेतातला गहू मेला, पुढच्या दुष्काळात फ्रान्समध्ये लाखो माणसं गेली. नाँतच्या द्राक्षवेलीही गेल्या. पुन्हा लागवड करताना बर्गंडीकडच्या 'मेलाँ' या काटक जातीवर भर दिला गेला. पोट रिकामं असताना माणूस आधी वेल जगेल का ते बघणार, चव नंतर. मला तरी हे अगदी पटतं.

आता नुसती प्यायची म्हटलं, तर या द्राक्षाला ना फारसा गंध, ना चव. म्हणून बरेच जण वाईन हिवाळाभर यीस्टच्या गाळावरच ठेवतात आणि मग थेट बाटलीत भरतात. याला म्हणतात 'स्युर ली'. त्यानं थोडा भरीवपणा येतो, ताजेपणाही टिकतो. कालवं, शिणाणे, लोण्यात परतलेला मासा, सगळ्यांशी जमतं. आपल्या तिखट कालवणापुढे मात्र बिचारी गप्पच बसेल!