मिसिसिपीतील मत, मदत आणि मतदारसंघ

अमेरिकेतील काळ्या जनतेच्या लढ्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे मांडल्या जाणाऱ्या निग्रो जनतेच्या निवेदनाविषयी विचारणा केली होती. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. परंतु या नात्यात एक उणीव राहून गेली आहे. आपल्या कार्यकर्त्यांना मार्टिन ल्यूथर किंग ठाऊक असतात, मोर्चे ठाऊक असतात, १९६५ चा मतदान हक्क कायदा ठाऊक असतो. त्या कायद्यानंतर काय घडले ते मात्र फारसे ठाऊक नसते. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मत मिळाले म्हणजे लढाई संपली, अशी समजूत माझ्या वर्गातील हुशार मुलांचीही असते. वस्तुतः मत मिळाल्यावर लढाई तीन ठिकाणी सरकली : पक्षाच्या आत, मतदारसंघाच्या नकाशावर आणि गरिबाला मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या हिशेबात. ही तिन्ही ठिकाणे एकाच राज्यात पाहता येतात. ते राज्य म्हणजे मिसिसिपी.

मिसिसिपीने १८९० साली नवी राज्यघटना केली. त्या वेळी राज्यात काळ्यांची बहुसंख्या होती. म्हणून मतदानासाठी दोन डॉलरचा कर आणि घटनेतील कलम वाचून दाखवण्याची किंवा त्याचा अर्थ सांगण्याची अट घालण्यात आली. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार गोरा अधिकारी. कायद्यात वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता; त्याची गरजच नव्हती. माझ्या आईला अक्षरओळख नाही, तरी ती दर निवडणुकीला सकाळीच जाऊन मत देऊन येते. मिसिसिपीच्या त्या कायद्यापुढे ती जन्मभर दाराबाहेर राहिली असती. १९६५ चा कायदा येण्यापूर्वी त्या राज्यात मतदानास पात्र असलेल्या काळ्यांपैकी जेमतेम ६.७ टक्के लोकांची नावे यादीत होती.

यादीत नाव घालायला गेलेल्या माणसाचे काय होई? फॅनी लू हेमर या बाईंचे उदाहरण घ्या. त्या सनफ्लॉवर काउंटीतल्या. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा घटक. दुसऱ्याच्या मळ्यात वाट्याने कापूस पिकवणाऱ्या आईबापांचे हे विसावे अपत्य. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या नाव नोंदवायला गेल्या आणि त्यामुळे ज्या मळ्यावर अठरा वर्षे राबल्या तेथून त्यांना बाहेर पडावे लागले. पुढच्याच वर्षी तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली. त्याच सुमारास शेजारच्या लेफ्लोर काउंटीत आणखी एक प्रकार घडला. केंद्र सरकारकडून येणारे शिलकी धान्य तेथे हिवाळ्यात गरिबांना वाटले जाई. मतनोंदणीची चळवळ जोर धरू लागताच १९६२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर काउंटीच्या मंडळाने हे वाटप बंद केले. हजारो काळी कुटुंबे उपाशी पडली. मदत ही दया नसून दावे आहे, ते सैल सोडायचे की आवळायचे हे मालक ठरवतो, हा धडा त्या हिवाळ्याने दिला.

आता पक्षशिस्तीकडे वळू. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे; पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते. अमेरिकेत असा कायदा नाही. तेथे शिस्त चालते ती समित्यांवरील जागा, ज्येष्ठता, निवडणूक निधी आणि पक्षांतर्गत उमेदवार निवडणूक यांच्या जोरावर. दक्षिणेतील राज्यांत त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षाला विरोधकच नसे. त्यामुळे तेथील गोरे प्रतिनिधी पुन्हा पुन्हा निवडून येत, ज्येष्ठ होत आणि समित्यांचे अध्यक्ष बनत. सिनेटर जेम्स ईस्टलंड हे हेमरबाईंच्याच सनफ्लॉवर काउंटीतील मोठे मळेवाले. १९५६ ते १९७८ अशी बावीस वर्षे ते सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते आणि नागरी हक्कांची विधेयके याच समितीकडे जात. एका काउंटीतील एका बाईला मत नाही आणि त्याच काउंटीतील एका मळेवाल्याच्या हाती साऱ्या देशाचा कायदा अडवून ठेवण्याची चावी! याच मळ्याला साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात कापसाच्या धोरणाखाली सरकारी तिजोरीतून वर्षाला लाखाहून अधिक डॉलर मिळत होते. त्याला कोणी भीक म्हटले नाही, की फसवणूक म्हटले नाही.

१९६४ साली काळ्या कार्यकर्त्यांनी मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी स्थापन केली आणि अटलांटिक सिटी येथील पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आपले प्रतिनिधी नेले. त्यांचा दावा साधा होता : राज्यातील अधिकृत शाखा काळ्यांना आत घेत नाही, म्हणून खरे प्रतिनिधी आम्ही. २२ ऑगस्ट रोजी हेमरबाईंनी पात्रता तपासणाऱ्या समितीपुढे साक्ष दिली. दूरचित्रवाणीचे कॅमेरे त्यांच्यावरून हटावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने स्वतः पत्रकारांना बोलावले. अखेरीस पक्षाने दोन जागा देऊ केल्या, त्यांवर कोण बसणार तेही पक्षानेच ठरवलेले. प्रतिनिधींनी ही तडजोड धुडकावली. गोऱ्या अधिकृत प्रतिनिधींना पक्षनिष्ठेची शपथ घ्यायला सांगण्यात आले, तेव्हा तीनचार जण वगळता सारे निघून गेले.

यापुढील घटनाक्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. जॉन बेल विल्यम्स हे मिसिसिपीचे गोरे डेमोक्रॅट प्रतिनिधी. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांना पाठिंबा दिला, म्हणून जानेवारी १९६५ मध्ये पक्षाने त्यांची ज्येष्ठता काढून घेतली. फ्रीडम पार्टीनेही आव्हान दिले होते. काळ्यांना मतदानापासून दूर ठेवून निवडून आलेल्या मिसिसिपीच्या पाचही प्रतिनिधींची निवड रद्द करा, अशी तिची मागणी होती. सप्टेंबर १९६५ मध्ये सभागृहाने ती २२८ विरुद्ध १४३ मतांनी फेटाळली. म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा देणे हा शिक्षेस पात्र अपराध. लाखो माणसांची मते बुडवून निवडून येणे हा मात्र अपराधच नव्हे. पक्षशिस्त कशासाठी असते आणि कशासाठी नसते, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

१९६५ च्या कायद्याने केंद्राचे अधिकारी नोंदणीसाठी आले आणि दोन वर्षांत मिसिसिपीतील काळ्यांची नोंदणी ५९.८ टक्क्यांवर गेली. मग राज्याच्या विधिमंडळाने नकाशा हाती घेतला. मिसिसिपी नदीकाठचा सपाट, कापसाचा, काळ्या बहुसंख्येचा प्रदेश म्हणजे डेल्टा. त्याचा मोठा भाग तोवर एकाच मतदारसंघात होता. मतदार नव्हते तोवर तो तसा असण्यात कोणाला धोका वाटला नाही. मतदार तयार होताच १९६६ साली पूर्व-पश्चिम रेषा ओढून डेल्टाचे तुकडे करण्यात आले आणि ते गोऱ्या बहुसंख्येच्या मुलुखाला जोडले गेले. १९६० च्या जनगणनेत राज्यात काळे ४२ टक्के होते. पण पाचांपैकी एकाही मतदारसंघात त्यांच्या मतदारांचे बहुमत उरले नाही.

दुसरी युक्ती काउंटीच्या मंडळांसाठी. विभागवार निवडणूक रद्द करून साऱ्या काउंटीने मिळून सारे सदस्य निवडावेत, अशी मुभा देण्यात आली. मग एखाद्या विभागात काळ्यांचे बहुमत असले तरी उपयोग काय? हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मत केवळ देऊ न दिल्यानेच जाते असे नाही, तर त्याचे बळ पातळ केल्यानेही जाते, आणि असा बदल केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय करता येणार नाही, असा निकाल १९६९ साली लागला.

आपल्या वाचकाला हा मुद्दा नवा वाटू नये. १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेली. जागा आमची, उमेदवार आमचा, आणि पसंती मात्र बहुसंख्याकांची. राखीव जागेवरचा प्रतिनिधी कोणाला उत्तरदायी राहतो, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी तो पुन्हा मांडला. मिसिसिपीतील शेतमजुरांनी तोच प्रश्न आपल्या अनुभवातून विचारला. डेल्टाचा मतदारसंघ पुन्हा जुळवून घेण्यासाठी त्यांना न्यायालयात वर्षानुवर्षे झगडावे लागले. माइक एस्पी हे काळे प्रतिनिधी तेथून निवडून आले ते १९८६ साली. कायदा झाल्यावर एकवीस वर्षांनी.

या एकवीस वर्षांत मदतीच्या प्रश्नालाही नवे रूप आले. १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगन शिकागोतील एका बाईची गोष्ट सांगत. ती अनेक नावांनी सरकारी मदत लाटते आणि तिचे करमुक्त उत्पन्न वर्षाला दीड लाख डॉलर आहे, असे ते म्हणत. १९७७ साली न्यायालयात तिच्यावर जे सिद्ध झाले ते २३ धनादेशांचे, सुमारे ८,००० डॉलरचे. तिने फसवणूक केली यात शंका नाही. पण एका बाईचा गुन्हा साऱ्या गरीब काळ्या स्त्रियांच्या माथी मारला गेला. ३ ऑगस्ट १९८० रोजी याच रेगन यांनी मिसिसिपीतील नेशोबा काउंटीच्या जत्रेत राज्यांच्या हक्कांचा पुरस्कार केला. १९६४ साली तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचे खून झाले ते याच काउंटीत.

१९९६ साली डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी जुनी मदतयोजना मोडणाऱ्या कायद्यावर सही केली. पाच वर्षांची मर्यादा आली, कामाची सक्ती आली आणि राज्यांना ठोक अनुदान देऊन खर्चाची मोठी मोकळीक देण्यात आली. मिसिसिपीत या मोकळिकीचे काय झाले ते पाहा. तिघांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त १७० डॉलर मिळत. ही रक्कम २०२१ साली २६० झाली. २०१६ साली ११,७०० हून अधिक अर्ज आले, मंजूर झाले १६७. लाभार्थी खोटे बोलतात या संशयापोटी २०१७ साली त्यांची अधिक कडक तपासणी करणारा कायदा करण्यात आला.

आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अटक झाली ती याच खात्याचे माजी संचालक जॉन डेव्हिस आणि इतर काहींना. नंतरच्या लेखापरीक्षणात ७ कोटी ७० लाख डॉलरचा गैरवापर दिसून आला. गरिबांसाठीच्या पैशांतून ५० लाख डॉलर एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल सभागृहाकडे वळवण्यात आले होते. डेव्हिस यांनी २०२२ साली गुन्हा कबूल केला. पाळत होती ती अर्जदार बाईवर. चोरी झाली ती पाळत ठेवणाऱ्यांच्या कार्यालयात.

नकाशाचा खेळही थांबलेला नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पूर्वसंमतीची तरतूद ज्यावर उभी होती ते सूत्रच रद्द केले. २०१९ साली त्याच न्यायालयाने सांगितले की, पक्षाच्या फायद्यासाठी ओढलेल्या रेषांचा वाद केंद्रीय न्यायालये ऐकणार नाहीत. दक्षिणेत गोरे बहुतांशी एका पक्षाला आणि काळे दुसऱ्याला मत देतात, तेव्हा ‘आम्ही वर्ण पाहिला नाही, पक्ष पाहिला’ हे उत्तर किती सोयीचे ठरते! २०२५ साली जनगणनेची वाट न पाहता टेक्सासमध्ये रिपब्लिकनांना पाच जागा वाढाव्यात असा नकाशा आणला गेला. गणपूर्ती होऊ नये म्हणून डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून गेले, त्यांच्या अटकेची वॉरंटे निघाली आणि नकाशा मंजूर झाला. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने डेमोक्रॅटांच्या सोयीचा नकाशा सार्वमताने संमत केला. इंडियानात मात्र राष्ट्राध्यक्षांचा दबाव असूनही डिसेंबर २०२५ मध्ये सिनेटने असा नकाशा ३१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला. विरोधात २१ रिपब्लिकन होते. शिस्त मोडणारेही निपजतात, पण त्यांच्या भरवशावर शोषितांनी राहू नये.

आपली परिस्थिती वेगळी आहे, हे मी जाणतो. आपल्याकडे राखीव मतदारसंघ घटनेने दिलेले आहेत, लोकसभा-विधानसभेच्या सीमा विधिमंडळ नव्हे, परिसीमन आयोग ठरवतो. परंतु प्रभागरचनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की आपली वस्ती कोणत्या रेषेने कापली गेली, हे किती कार्यकर्ते पाहतात? हरकतीची मुदत किती जणांना ठाऊक असते? शिष्यवृत्ती, घरकुल, रेशन यांत लाभार्थ्याची कागदपत्रे दहा वेळा तपासली जातात. त्या खात्याचा लेखापरीक्षण अहवाल आपण एकदा तरी मागवून वाचतो का? हेमरबाईंच्या सहकाऱ्यांनी मोर्चे काढले तसे नकाशेही वाचले, साक्षी गोळा केल्या, खटले लढवले. त्यांतले अनेकजण फार शिकलेले नव्हते. आपल्या पिढीच्या हाती पदवी आहे. तिचा पहिला उपयोग हा नकाशा आणि हा हिशेब वाचण्यासाठी झाला पाहिजे.