वाहत्या कानाचा इतिहास



इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे लढाया, तह आणि राजघराणी ह्यांची अपेक्षा असते. आम्ही आज मुलांच्या वाहत्या कानाचा इतिहास सांगणार आहोत. कामगार संघटनेच्या कामात उमर घालवलेले आणि सार्वजनिक वाचनालयांत शिकलेले आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु ज्या दुखण्याने गरिबाच्या मुलाचे शिक्षण मध्येच तुटते, त्या दुखण्याची चौकशी करण्याचा अधिकार आम्हांला आहे, असे आम्ही मानतो.

हा रोग फार जुना. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग मोजले असून त्यांत कर्णस्राव निराळा सांगितला आहे. तरीही घरोघरी समजूत एकच राहिली : लहानपणी कान फुटायचाच, मूल वाढले की आपोआप थांबेल. लसूण घालून कढवलेले तेल आणि कापसाचा बोळा, एवढ्यावर प्रकरण मिटते. घाण बाहेर पडते आहे ते बरेच, वाहता कान थांबवू नये, असे सांगणारेही भेटतात.

ही समजूत केवळ आपलीच नव्हे. आयर्लंडात डब्लिन शहरी 1844 साली सेंट मार्क्स नावाचे डोळ्याकानांचे रुग्णालय निघाले. ते काढणारे शल्यवैद्य विल्यम वाइल्ड. प्रसिद्ध नाटककार ऑस्कर वाइल्ड ह्यांचे वडील. तिथल्या गोरगरिबांतही हाच समज होता. वाइल्ड ह्यांनी 1853 साली कानाच्या रोगांवर ग्रंथ लिहून बजावले की, वाहणारा कान ही साधी बाब नव्हे. तो शेवटी कोणत्या थराला जाईल हे सांगता येत नाही. हेच वाइल्ड 1851 च्या आयरिश शिरगणतीच्या कामात होते. त्या गणतीत मूकबधिरांची वेगळी चौकशी झाली. रोगाला औषध हवे तसा आकडाही हवा, हे त्या माणसाने ओळखले.

त्याच काळात लंडनमध्ये जोसेफ टॉयन्बी काम करीत होते. मृतांचे सुमारे 2000 कान त्यांनी चिरून पाहिले आणि बहिरेपणाची कारणे प्रत्यक्ष डोळ्यांनी शोधली. गरिबांच्या घरांत हवा खेळावी, शहरे निरोगी व्हावीत, ह्या चळवळीतही ते होते. 1866 साली स्वतःवरच औषधी वाफेचा प्रयोग करताना त्यांचा अंत झाला. त्यांचे चिरंजीव आर्नोल्ड टॉयन्बी ह्यांचे नाव कामगार चळवळीतल्या माणसाला परिचित असते. 'औद्योगिक क्रांती' हा शब्द त्यांच्या व्याख्यानांनी रूढ झाला. बाप कामगाराच्या घरातली हवा पाहत होता आणि मुलगा त्या घराचे अर्थशास्त्र. दोघांचा विषय फार लांबचा नव्हता.

तो कसा, हे समजण्यासाठी कानाची रचना थोडी पाहिली पाहिजे. घशाच्या वरच्या भागातून एक नळी कानाच्या पडद्याआडच्या पोकळीत जाते. लहान मुलात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की ती सुजते, बंद पडते; आतल्या पोकळीत पाणी साचते, त्यात जंतू वाढले तर पू होतो, कान ठणकतो आणि शेवटी पडदा फुटतो. एका खोलीत सात-आठ माणसे, चुलीचा किंवा विडीचा धूर, आईला कामावर जावे लागते म्हणून निजल्या निजल्या तोंडात दिलेली बाटली, ह्या सगळ्यांनी हे दुखणे वाढते. आईचे दूध ते कमी करते. म्हणजे कान मुलाचा, पण कारणे घराची आणि मजुरीची.

पुढच्या इतिहासात डॉक्टरांनी मोठी मजल मारली. कानामागच्या हाडात पू उतरला की मूल दगावत असे. जर्मनीत हाले येथे श्वार्ट्‌झे ह्यांनी 1873 साली ते हाड उघडून पू काढण्याची पद्धतशीर शस्त्रक्रिया मांडली. 1935 नंतर सल्फाची औषधे आली, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पेनिसिलिन आले आणि मृत्यूचे भय पुष्कळ ओसरले. मात्र त्यामुळे एक दुसरी गोष्ट पुढे आली. ठणका नाही, पू नाही. पण पडद्याआड चिकट पाणी महिनोन्‌महिने राहते. 1954 साली अमेरिकेत आर्मस्ट्राँग ह्यांनी पडद्यात बारीक नळी बसवून हवा आत जाण्याची सोय केली, ती याच दुखण्यावर.

अशा कानाला सुमारे 25 डेसिबल कमी ऐकू येते. मूल बहिरे नसते. हाक मारली तर पुष्कळदा वळूनही पाहते. पण 'स', 'त', 'क' असे हलके वर्ण गळतात. 'घरात' आणि 'घरास' ह्यांतला फरक त्याला मागच्या बाकावर कळत नाही, आणि गुरुजी त्याला 'ढ' ठरवतात.

ह्याचा भाषेवर कायमचा परिणाम होतो काय? 1969 साली होल्म आणि कुंझे ह्यांनी मोजक्या मुलांची पाहणी करून होतो असे सुचवले. पुढे पिट्सबर्गमध्ये पॅराडाइज ह्यांच्या मंडळींनी 6350 तान्ह्या मुलांवर लक्ष ठेवले आणि त्यांतल्या 429 मुलांना चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत वाटले. एका गटाला नळी लगेच, दुसऱ्याला थांबून. 2001 आणि 2007 साली निष्कर्ष आले : एरवी निरोगी असलेल्या मुलांत, लगेच नळी बसवल्याने बोलण्यात किंवा शिकण्यात फायदा दिसला नाही. तेव्हा प्रत्येक पाणी साचलेल्या कानाला घाईने शस्त्र लावू नये. पण ह्याचा आधार घेऊन वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानाकडे दुर्लक्ष करणे हा अप्रामाणिकपणा होईल. त्या कानाचा पडदा जातो, आतली नाजूक हाडे झिजतात, आणि हे ऐकणे आपोआप परत येत नाही.

ह्याची किंमत आम्ही एका भरपाईच्या प्रकरणात पाहिली. 1998 साली एका गिरणीतल्या साचेवाल्याने आवाजाने बहिरेपण आल्याचा दावा केला. मालकाच्या वकिलाने विचारले, "लहानपणी कान वाहत होता का?" तो प्रामाणिकपणे "होय" म्हणाला, आणि दावा बुडाला असे सर्वांना वाटले. वास्तविक वाहत्या कानाने आवाज आत पोचण्याची वाट अडते, तर यंत्राच्या गोंगाटाने आतल्या कानातल्या पेशी मरतात. हा फरक रिने ह्यांनी 1855 साली साध्या नादकाट्याने दाखवला होता. डॉक्टरांच्या आलेखाने आतल्या कानाची हानी सिद्ध झाली आणि भरपाई मिळाली. परंतु तिसरीत 'ढ' म्हणून सुटलेली त्याची शाळा कोणी भरून देणार नव्हते. तिचा दावा लावायला न्यायालयच नाही.

आज साधने आहेत. बहिरेपण रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2007 पासून आहे. कानाच्या दुखण्यातल्या एका मुख्य जंतूविरुद्धची न्युमोकॉकल लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. 2013 साली आपल्याच पालघर येथे सुरू झालेल्या बालआरोग्य कार्यक्रमात वाहत्या कानाची तपासणी नेमून दिलेली आहे. कागदावर आलेला हक्क मागितल्याशिवाय पदरात पडत नाही, हे संघटनेतल्या माणसाने वेगळे सांगायला नको. म्हणून श्रोत्यांना आमचे एवढेच मागणे आहे : आपल्या पेठेतल्या शाळेत जाऊन विचारा की यंदा मुलांचे कान कोणी, केव्हा तपासले, आणि ज्या मुलाला 'ढ' म्हणतात, त्याचा कान आधी पाहिला काय.