राजदूत ३५०ची डिस्क कुठं गेली?

आज गाडीचा विषय, पण मायलेजचा नाही. ब्रेकचा.

औशात आमच्या मामांकडे राजदूत ३५० आहे. त्यांना पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवायचाय. त्यांचे दोस्त म्हणतात, "मग ती ओरिजिनल कसली राहिली?" दोघंही तावातावानं बोलतात, पण एक गोष्ट त्या वादात येतच नाही. ही गाडी मुळात डिस्कवालीच होती.

यामाहाची आरडी ३५० जपानमध्ये १९७३ला आली, तेव्हा तिच्या पुढच्या चाकाला डिस्क होती. १९८३पासून एस्कॉर्ट्सनं तीच गाडी राजदूत नावानं भारतात बनवली आणि किंमत आवाक्यात राहावी म्हणून डिस्क काढून ड्रम लावला. इंजिन मात्र दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी. हाय टॉर्क मॉडेलची ताकद साधारण ३० हॉर्सपॉवर. म्हणजे पळायचं सामान इकडं आलं, थांबायचं तिकडंच राहिलं.

डिस्क तेव्हा काही नवी नव्हती. इंग्लंडच्या लँचेस्टरनं १९०२ला तिचं पेटंट घेतलं होतं. १९५३ला ल मान्सची शर्यत जॅग्वारनं डिस्क ब्रेकच्या जोरावर मारली. १९६९ला होंडा सीबी ७५०नं ती सामान्य माणसाच्या मोटरसायकलवर आणली. आपल्याकडं १९९९ला सीबीझेड आणि २००१ला पुण्याच्या बजाजची पल्सर आली, तेव्हा कुठं डिस्क गल्लीत दिसायला लागली. एवढा उशीर!

ड्रमला उगाच शिव्या देऊ नका. राजदूतचा पुढचा ड्रम चांगल्यातला होता. त्यातले दोन्ही ब्रेक शू चाकाच्या फिरण्यानंच आणखी आत ओढले जातात, त्यामुळं पकड वाढते. अडचण उष्णतेची. ड्रम बंद डबा आहे. जोरात दोन-चार वेळा ब्रेक मारला की आतलं लायनर तापतं आणि पकड सुटायला लागते. पाणी शिरलं तर सुकायला वेळ लागतो. डिस्क उघड्यावर असते, वारा लागतो, पाणी उडून जातं. तुळजापूर-औसा-लातूर हा आता चौपदरी हायवे आहे. पुढचा ट्रक अचानक थांबला, की हा फरक पुस्तकातला राहत नाही.

पण डिस्क प्लेट आणली, बसवली, झालं, असं नसतं. हबला प्लेट लावायची जागा हवी, पुढच्या शॉकपला कॅलिपर धरायचा आधार हवा, एक्सलची जाडी जुळायला हवी. स्पीडोमीटरचा गिअर तर हमखास विसरतात. मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर यांचा मेळ नसेल तर लिव्हर दगडासारखा कडक होतो, नाहीतर हँडलला टेकतो. कॅलिपरचा आधार शॉकपला वेल्डिंग करून चिकटवू देऊ नका. चाक अडवायचा सगळा जोर तिथंच येतो. तो तुटला तर चाक जाम होऊन माणूस हँडलवरून पुढं जातो.

आता कायदा. २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं ५० वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि तिला व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. चासी, बॉडी, इंजिन बदललेलं चालत नाही. त्या यादीत ब्रेकचं नाव नाही, पण 'मूळ रूप' हे शब्द आहेत. १९८३ची राजदूत तिथं पोचेल २०३३ला. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांवर लक्ष ठेवून आहेच. म्हणून काम सुरू करायच्या आधी आरटीओत विचारा.

माझं मत मी मामांना सांगितलंय: डिस्क बसवा, पण मूळ शॉकप कापू नका, भोकं पाडू नका. दुसरा पूर्ण सेट जुळवा आणि ड्रमवालं चाक तेल लावून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. २०३३ला ते दोन तासांत परत बसेल. दोस्तांना ते पटलं. मामांचा प्रश्न वेगळाच होता: "ते ऑइल किती दिवस टिकतंय?"

दोन वर्षं. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी ओढतं, मग तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर पोकळ लागतो. गाडी नुसती उभी असली तरी बदलायचं.