हिरव्या टेबलापासून फाशांपर्यंत

रेगेन्सबर्गला कोणी पाहुणे आले, की दगडी पूल, डोम आणि डॅन्यूबकाठची सॉसेजची जुनी खाणावळ दाखवून झाल्यावर आपण त्यांना हमखास जुन्या राटहाउसमध्ये नेतो. १६६३ पासून १८०६ पर्यंत, म्हणजे तब्बल १४३ वर्षे, जर्मन साम्राज्याची कायमची सभा इथे भरत होती. राजेरजवाडे हळूहळू स्वतः यायचे बंद झाले आणि त्यांचे वकील येऊ लागले. पेशव्यांचा वकील जसा परक्या दरबारात धन्याच्या नावाने बोले, तसेच हे. तिथले गाईड एक हिरव्या कापडाचे टेबल दाखवतात आणि सांगतात, की जर्मन भाषेतला ‘हिरव्या टेबलावरून’ हा वाक्प्रचार इथूनच निघाला. अर्थ असा, की प्रत्यक्ष जागेवर काय चालले आहे हे न पाहता बसल्या जागी ठरवणे.

हा वाक्प्रचार मला आठवतो तो एका वेगळ्याच संदर्भात. आपली इथे वाढलेली मुले शनिवारी संध्याकाळी पाठीला पिशवी लावून मित्राकडे ‘डे-एस-आ’ खेळायला जातात. पिशवीत जाडजूड पुस्तके, पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे. आईवडिलांना प्रश्न पडतो, की हा कसला खेळ? ना पट, ना सोंगट्या, ना कोणी जिंकत, ना हरत! चार-पाच जण टेबलाभोवती बसून तासन् तास बोलत असतात.

याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण सूत्रधार असतो. जर्मनमध्ये त्याला ‘माइस्टर’ म्हणतात. तो प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि जिथे यश-अपयशाची शंका असेल तिथे फासे टाकतात. यासाठी दोन तऱ्हेची पुस्तके लागतात. एक नियमपुस्तक आणि दुसरे मोहिमेचे पुस्तक, म्हणजे सूत्रधाराने खेळवायच्या कथेचा सांगाडा. अशी पुस्तके शेकड्यांनी निघतात, म्हणून त्यांचे परीक्षण करणारेही असतात. या परीक्षणाचाही एक इतिहास आहे आणि त्यातला मोठा भाग आपल्या आजूबाजूलाच घडला आहे. तोच इथे थोडक्यात सांगायचा आहे.

रेगेन्सबर्गहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर न्यूर्नबर्ग आहे. तिथल्या गेओर्ग फिलिप हार्सड्योर्फर या विद्वानाने १६४१ ते १६४९ या काळात ‘फ्राउएनत्सिमर गेश्प्रेखश्पीले’ नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. जर्मनी तीस वर्षांच्या युद्धात होरपळत होती, आणि हा गृहस्थ संभाषणाचे खेळ लिहीत होता! त्यात तीन स्त्रिया आणि तीन पुरुष अशी सहा पात्रे एकत्र बसून कोडी, गोष्टी आणि कल्पनेचे खेळ खेळतात. हे आजचे रोलप्ले नव्हे, पण ‘एकत्र बसून बोलणे हाच खेळ, आणि तो पुस्तकावरून शिकता येतो’ ही कल्पना त्यात स्पष्ट आहे.

पुढची पायरी लष्करी आहे. ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने १७८० मध्ये बुद्धिबळावरून युद्धाचा एक खेळ रचला. त्याच्या पटाला १६१७ घरे होती! १८१२ मध्ये राइसवित्स नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने घरे काढून टाकून खरा भूप्रदेश टेबलावर मांडला, आणि त्याच्या तोफखान्यात लेफ्टनंट असलेल्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियमपुस्तक छापले. यात दोन्ही बाजूंचे खेळाडू आपले हुकूम पंचाला देत. पंच प्रत्येकाला तेवढेच सांगे जेवढे त्याच्या सैन्याला खरोखर दिसले असते. नुकसान किती झाले ते फासे ठरवीत. आजचा माइस्टर हा या पंचाचाच वंशज.

त्या वेळचा प्रशियाचा सरसेनानिवासप्रमुख जनरल म्युफलिंग हा खेळ पाहायला आला तेव्हा फारसा उत्सुक नव्हता, असे नंतरच्या आठवणींत लिहिलेले आहे. पण डाव पुढे सरकू लागला तसा तो खुलत गेला, आणि शेवटी म्हणाला, की हा खेळ नव्हे, ही तर युद्धाची शाळा आहे. मग त्याने १८२४ सालीच लष्करी साप्ताहिकात या खेळाची शिफारस छापली. मला तर हे नियमपुस्तकाचे परीक्षणच वाटते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की म्युफलिंगने पुस्तक चाळून मत दिले नाही. डाव समोर खेळला गेल्यावर दिले. हिरव्या टेबलावरून नव्हे!

पण पलटणीपलटणींत खेळ पोहोचल्यावर दुसरीच अडचण पुढे आली. नियम आणि तक्ते वाढत गेले, पंच पाने उलटण्यात गुंतला आणि लढाई रेंगाळली. १८७६ मध्ये फेर्डी द्यू फेर्न्वा या अधिकाऱ्याने सुचवले, की फासे आणि तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला निर्णय घेऊ द्या. नियम किती लिहावेत आणि माणसावर किती सोपवावे, हा वाद तेव्हा सुरू झाला तो आजतागायत मिटलेला नाही. आजचे कुठलेही परीक्षण उघडा, त्यात हाच प्रश्न कुठल्या तरी रूपात सापडेल.

इथून हा धागा अमेरिकेत गेला. प्रशियन खेळावरून तिथे १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ नावाचे पुस्तक निघाले होते. ते वाचून मिनेसोटातल्या डेव्ह वेस्ली या तरुणाने १९६९ मध्ये एक डाव मांडला आणि त्यात प्रत्येक खेळाडूला एकेका माणसाची भूमिका दिली. त्या डावातल्या काल्पनिक गावाचे नावही जर्मन होते, ब्राउनश्टाइन! त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, तीन छोट्या पुस्तिकांची.

खेळ अफलातून, पण पुस्तिका मात्र गोंधळाच्या. त्या वापरायच्या तर ‘चेनमेल’ हे आधीचे नियमपुस्तक आणि दुसऱ्याच कंपनीच्या एका खेळाचा पट जवळ हवा, असे त्यात गृहीत धरलेले होते. लेखकांच्या गावात सगळे एकमेकांना विचारू शकत होते, परगावच्या माणसाने काय करायचे? ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रेला नियम उमगेनात, म्हणून त्याने १९७५ मध्ये स्वतःचा सोपा खेळ लिहिला, ‘टनेल्स अँड ट्रोल्स’. एका वाचकाच्या तक्रारीतून दुसरा खेळ जन्माला आला! तक्रारींना पुढे छापील जागाही मिळाली. लंडनला १९७७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइट ड्वॉर्फ’ मासिकात ‘ओपन बॉक्स’ हे सदर होते. त्यात नव्या खेळांना आणि मोहिमांना दहापैकी गुण दिले जात.

जर्मनीत पहिला स्वतंत्र रोलप्ले, युर्गेन फ्रांकेचा ‘मिडगार्ड’, १९८१ मध्ये आला. ‘टनेल्स अँड ट्रोल्स’चा जर्मन अनुवाद १९८३ मध्ये निघाला आणि तो करणाऱ्या मंडळींतल्या उलरिख कीजोव्हने वेर्नर फुक्स आणि हान्स योआखिम आल्पर्स यांच्यासह १९८४ मध्ये ‘दास श्वार्त्से आउगे’ म्हणजे ‘काळा डोळा’ लिहिला. आपली मुले खेळतात तो ‘डे-एस-आ’ हाच. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला पाच गुण होते : धाडस, हुशारी, छाप, चपळाई आणि बळ. सूत्रधारासाठी निघालेल्या पेटीत तर तोंडाला लावायचा प्लास्टिकचा मुखवटाही होता! पहिल्या मोहिमेच्या पुस्तकाचे नाव ‘काळ्या रानडुकराच्या खाणावळीत’. दुकानातल्या खोक्यांमुळे हा खेळ घराघरांत गेला. प्रकाशन करणारी श्मिट श्पीले कंपनी १९९७ मध्ये दिवाळखोरीत गेली, कीजोव्ह त्याच वर्षी वारला, तरी खेळ टिकला. २००७ पासून तो उलिसेस श्पीलेकडे आहे.

जर्मनीत परीक्षणाची जमीन आधीच तयार होती. ‘श्पील देस यारेस’ हा पुरस्कार १९७९ पासून दिला जातो. तो मुख्यतः पटावरच्या खेळांसाठी आहे, पण त्याची समिती विक्रेत्यांची नाही, समीक्षकांची आहे. आणि निकषांमध्ये खेळाच्या कल्पनेबरोबर नियम किती सुबोध लिहिले आहेत हेही पाहिले जाते. १९८८ च्या न्यूर्नबर्ग खेळणी-मेळ्यात तेरा खेळकर्त्यांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर सह्या करून जाहीर केले, की खोक्यावर आमचे नाव छापले नाही तर आम्ही खेळ देणार नाही. खेळालाही पुस्तकासारखा लेखक असतो हे एकदा मान्य झाले, की त्याचे परीक्षणही पुस्तकासारखेच गंभीरपणे होऊ लागते.

मग ‘डे-एस-आ’च्या मोहिमांवर समीक्षकांची टीका कोणती? जुन्या पुस्तकांत प्रत्येक जागेची माहिती तीन भागांत असे : सर्वांना वाचून दाखवायची, शोध घेणाऱ्याला मिळणारी, आणि फक्त सूत्रधारासाठीची. सोय उत्तम. पण पुढे कथा इतकी पक्की ठरवलेली असे, की खेळाडूंनी काहीही केले तरी गाडी त्याच रुळावरून जाई आणि मोठी कामगिरी लेखकाचे आवडते पात्र करून टाकी. खेळाडू नुसते प्रेक्षक! वाचताना अशी मोहीम कादंबरीसारखी रंगते, टेबलावर मात्र कंटाळवाणी होते. म्हणून चांगला समीक्षक सुरुवातीलाच सांगतो, की मी हे पुस्तक खेळून पाहिले आहे की नुसते वाचले आहे.

आता थोडे आपल्याकडे वळू. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या बाजूला जत्रेत रात्रभर दशावतार रंगतो. हातात लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद रंगमंचावर तिथल्या तिथे सुचतात. तमाशातल्या जुन्या वगाचीही तीच रीत. मोहिमेच्या पुस्तकाला जे साधायचे असते, म्हणजे सांगाडा पक्का आणि बोलणे मोकळे, ते आपल्या कलावंतांना पिढ्यान् पिढ्या येत होते. पण ते जिभेवर राहिले. दशावतारी घराण्यात वाढल्याशिवाय ते शिकायचे कुठे? रेगेन्सबर्गच्या मुलाने ते कुठून उचलावे?

लिहून ठेवल्याने काय होते याचेही उदाहरण आपल्याकडेच आहे. हुतूतूचे संजीवनी, गामिनी, अमर असे गावोगावचे प्रकार होते. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याआधी खो-खोचे नियम बांधले होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने याच जर्मन भूमीवर कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. आज सातासमुद्रापारचे लोक कबड्डी खेळतात ते नियम ठरले म्हणूनच. बैठे खेळ मात्र मागे राहिले. १८७१ मध्ये औरंगाबादच्या हरिकृष्णशास्त्र्यांनी ‘क्रीडाकौशल्य’ या ग्रंथात अशा खेळांची माहिती दिली, पण ती संस्कृतात. सोंगट्यांचा पट आजीच्या ट्रंकेत असतो आणि नियम आजीबरोबर जातात.

तेव्हा दोन्ही टोकांना धोका आहे. काहीच लिहिले नाही तर खेळ माणसाबरोबर संपतो, सगळेच लिहिले तर खेळणाऱ्याला करायला काही उरत नाही. या दोहोंमधली जागा कुठे आहे हे लेखकाला एकट्याला कळत नाही, कारण त्याच्या मनात सगळे आधीच असते. ते सांगतो परीक्षण करणारा. त्याने तीनच गोष्टी पाहाव्यात. लेखकाला कधी न भेटलेल्या माणसाला पुस्तकावरून खेळता आले का? खेळाडूंनी अनपेक्षित काही केले तेव्हा पुस्तकाने सूत्रधाराला हात दिला का? आणि शेवट खेळाडूंनी घडवला, की लेखकाने?

आपली मुले जर्मनमध्ये योद्धे आणि जादूगार होतात याचे मला वाईट वाटत नाही. पण चार तास सलग बोलण्याचा हा खेळ मराठीत झाला, तर रविवारच्या मराठी वर्गात जे शब्द तोंडी येत नाहीत ते आपोआप येतील. ‘दार उघड’ एवढे म्हणून भागत नाही. किल्लेदाराची समजूत घालावी लागते, तंबी द्यावी लागते, थापही मारावी लागते! त्यासाठी आग्र्याच्या सुटकेवरची किंवा कोकणातल्या एखाद्या जत्रेतली दहा पानांची मोहीम पुरे आहे. मंडळात लिहिणारे हात पुष्कळ आहेत. कोणी लिहिलीच, तर इतरांनी ‘छान आहे हो’ म्हणून बाजूला ठेवू नये. मुलांना घेऊन बसावे, फासे टाकावेत, कुठे अडले ते लिहून काढावे आणि लेखकाला तोंडावर सांगावे. लेखकानेही राग मानू नये.

हिरव्या टेबलावरून दिलेली शाबासकी काय कामाची? राटहाउसमधले टेबल पाहुण्यांना दाखवायला ठीक आहे. आपले टेबल मात्र स्वयंपाकघरातले असावे, आणि त्यावर मुलांचे फासे खडखडत असावेत.