अध्ययन-संक्रमण आणि सादृश्यात्मक विचार

एका प्रसंगात शिकलेले ज्ञान वा कौशल्य निराळ्या प्रसंगात वापरता येणे म्हणजे अध्ययन-संक्रमण. दोन कामांत समान घटक नसतील, तर ते फारसे घडत नाही, असे एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये दाखवले. अमुक विषयाने एकंदर बुद्धीच तल्लख होते, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. निराळ्या प्रसंगात ज्ञान नेण्याची एक वाट म्हणजे सादृश्यात्मक विचार; त्यात वरवरचे नव्हे, तर रचनेतले साम्य ओळखावे लागते. मेरी गिक व कीथ होलिओक यांचा १९८० चा प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहे. वाटांवर सुरुंग असल्याने सेनापती फौजेच्या लहान तुकड्या करून सर्व वाटांनी एकाच वेळी किल्ल्यावर धाडतो, ही गोष्ट वाचकांना दिली. मग कार्ल डुंकरचे कोडे घातले : निरोगी पेशींना इजा न होता किरणांनी पोटातील गाठ कशी नष्ट करावी? अनेक दिशांनी क्षीण किरण सोडणे, हे उत्तर. गोष्ट वापरा, असे सुचवल्यावर ते बहुतेकांना सापडले. न सुचवता मात्र थोड्यांनाच. दोन गोष्टींची तुलना करायला लावल्यास तत्त्व अधिक सहज उमगते, असे गिक व होलिओक यांना १९८३ मध्ये आढळले. वर्गात एकाच उदाहरणावर भागवणे त्यामुळे अपुरे ठरते.